कूस उजवण्यास उशीर होतो तेव्हा

(महिला मंडळाच्या वर्धापनदिनी बपेरा येथे केलेले भाषण)



वर्धापनदिन हा आनंदाचा दिवस. गाणी झाली, मुलींच्या नकला झाल्या, वर्षाचा हिशेबही वाचून झाला. अशा दिवशी मंडळाच्या चालक भगिनींनी मला जो विषय दिला, तो ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. मूल होण्यास उशीर का लागतो, हे का सभेत बोलावयाचे, असे कोणी म्हणेल. परंतु हा विषय आपल्या गावात बोलला जात नाही असे थोडेच आहे? तो रोज बोलला जातो. नळावर बोलला जातो, रोवणीच्या वेळी बांधीत वाकल्या वाकल्या बोलला जातो, लग्नाच्या मांडवात तर हमखास बोलला जातो. मात्र जिच्याविषयी हे बोलणे चालते तिला वगळून, आणि बहुधा कसलीही माहिती नसताना चालते. म्हणून आज तो तिच्यासमोर आणि नीट माहितीनिशी बोलावा, एवढाच माझा हेतू आहे. मी पुष्कळ वर्षे आरोग्यखात्यात परिचारिका होते. मी डॉक्टर नव्हे. तेव्हा मी औषध सांगणार नाही; औषधाकडे जाण्याची वाट तेवढी सांगेन.

मूल होण्यास उशीर लागण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एका कारणाविषयीच मी आज मुख्यत्वे बोलणार आहे, कारण अलीकडे ते नाव घरोघरी ऐकू येऊ लागले आहे. डॉक्टर त्याला पीसीओएस म्हणतात. सोनोग्राफीचा कागद हाती आला की आपण म्हणतो, ‘पोरीच्या अंडाशयात गाठी झाल्या.’ आणि ‘गाठी’ हा शब्द ऐकताच घरात रडारड सुरू होते. कोणाला वाटते कर्करोग झाला, कोणाला वाटते ऑपरेशन करून गाठी काढाव्या लागणार, आणि कोणी शेजारीण गाठी विरघळवणारा काढा सांगून जाते.

भगिनींनो, पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा की या गाठी नव्हेत. हे समजण्यास आपल्याइतके सोपे कोणालाच जाणार नाही, कारण आपण धान पिकवणाऱ्या बायका आहोत. स्त्रीच्या पोटात गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस एकेक अंडाशय असते. त्यात जन्मापासूनच बीजांचा साठा असतो. दर महिन्याला त्यांतील काही बीजे वाढीस लागतात. प्रत्येक बीज पाण्याच्या इवल्याशा पिशवीत असते. त्यांतले बहुधा एकच पूर्ण तयार होते, पिशवी फुटून बाहेर पडते, आणि बाकीची सुकून जातात. बाहेर पडलेल्या बीजाचा पुरुषबीजाशी संयोग झाला तर गर्भ राहतो. न झाला तर सुमारे चौदा दिवसांनी पाळी येते. आता पीसीओएसमध्ये काय होते? पऱ्हे टाकले, ते दाट उगवले, परंतु रोवणीजोगे एकही झाले नाही, असे समजा. पिशव्या पुष्कळ वाढीस लागतात, पण अर्ध्यावर थांबतात. एकही बीज वेळेवर बाहेर पडत नाही, आणि म्हणून पाळीही वेळेवर येत नाही. सोनोग्राफीत दिसतात त्या या थांबलेल्या पिशव्या. दोन ते नऊ मिलिमीटरच्या, म्हणजे मोहरीच्या दाण्यापासून वाटाण्यापर्यंतच्या. त्या कर्करोगाच्या नव्हेत, त्या कापून काढावयाच्या नसतात, आणि काढ्याने विरघळवावयाच्याही नसतात. बीज वेळेवर तयार होऊ लागले म्हणजे काम झाले.

हे असे का होते, याचे एकच एक कारण सापडलेले नाही. पण बरेच काही कळले आहे. पुष्कळ जणींच्या अंगात इन्सुलिन हा स्राव असूनही त्याचा नीट उपयोग होत नाही. मग शरीर तो अधिक तयार करते. त्या जादा इन्सुलिनमुळे अंडाशयातून पुरुषी स्राव जास्त निघू लागतो. हनुवटीवर राठ केस येणे, तोंडावर मुरुमे उठणे, डोक्यावरचे केस विरळ होणे, मानेवर काळपट जाड पट्टा दिसणे, या साऱ्यांचे मूळ तेथे असते. हा दोष घराण्यातूनही येतो. आईला किंवा मावशीला मधुमेह असेल, बहिणीची पाळी अनियमित असेल, तर मुलीतही तो दिसू शकतो. परंतु पूर्वजन्मीचे पाप, कोणाची नजर, लग्नाआधीचे शिक्षण किंवा नोकरी, यांचा आणि याचा काडीचाही संबंध नाही.

आणि हा रोग आजचा, शहरातला, फॅशनचा आहे असेही समजू नका. १७२१ साली इटलीतील वॅलिस्नेरी नावाच्या वैद्याने एका तरुण विवाहित शेतकरी स्त्रीचे वर्णन लिहून ठेवले आहे. तिला मूल नव्हते, आणि तिची अंडाशये मोठी, पांढरी, कबुतराच्या अंड्यासारखी होती. पुढे १९३५ साली अमेरिकेत शिकागो येथील स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी अशा सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हापासून या व्याधीस नाव मिळाले. म्हणजे पहिली नोंद झाली ती कोण्या नाजूक शहरी बाईची नसून शेतावर राबणाऱ्या घरातल्या बाईची होती.

आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मूल होण्याच्या वयातील १०० स्त्रियांपैकी १० ते १३ जणींना हा विकार असतो, आणि त्यांतील पुष्कळ जणींना तो असल्याचे ठाऊकही नसते. आपल्या महाराष्ट्रात मुंबईला परळ येथे प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तेथील डॉक्टरांनी मुंबईतील १५ ते २४ वर्षांच्या मुलींची पाहणी केली व ती २०१४ साली प्रसिद्ध केली. नेहमीच्या कसोटीने १०० पैकी २२ ते २३ मुलींत, व अधिक कडक कसोटीने १०० पैकी सुमारे ११ मुलींत हा विकार आढळला. त्यांतल्या बहुतेक मुली लठ्ठ नव्हत्या, हे विशेष. तेव्हा ‘आमची सून तर काडीसारखी, तिला कसला पीसीओएस?’ असे म्हणण्यात अर्थ नाही.

मग हा विकार ओळखावा कसा? डॉक्टरांची कसोटी अशी आहे की तीन खुणांपैकी दोन असाव्यात. पाळी अनियमित असणे, ही पहिली. पुरुषी स्राव वाढल्याची चिन्हे अंगावर किंवा रक्तात दिसणे, ही दुसरी. सोनोग्राफीत पुष्कळ पिशव्या दिसणे, ही तिसरी. २००३ साली हॉलंडमधील रॉटरडॅम शहरी तज्ज्ञांनी ही कसोटी ठरवली, आणि थोड्या सुधारणांसह आजही तीच चालते. म्हणजे नुसत्या सोनोग्राफीच्या कागदावरून कोणी पीसीओएसची ठरत नाही. शिवाय पाळी बिघडण्याची दुसरी कारणे आधी तपासून बाजूला काढावी लागतात. थायरॉइडचा दोष आणि प्रोलॅक्टिन नावाच्या स्रावाची वाढ, ही दोन प्रमुख. त्यांची तपासणी रक्तावरून होते, आणि त्यांचे औषध निराळे असते.

येथे मुलींच्या आयांना एक शब्द सांगते. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे ती मागेपुढे होणे स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून घाबरू नका, आणि लहान मुलीची सोनोग्राफी करण्याची घाई करू नका. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत त्या तपासणीवरून हे निदान करू नये, असे तज्ज्ञ सांगतात. पण तीन वर्षे उलटूनही पाळी तीन तीन महिने येत नसेल, तर ‘लग्न झाले की आपोआप बसेल’ असे म्हणून गप्पही बसू नका. लग्न हे औषध नव्हे. पाळी दीर्घकाळ थांबून राहिली तर गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते, आणि पुढे ते धोक्याचे ठरू शकते. म्हणून नव्वद दिवसांवर पाळी लांबली की डॉक्टरांना दाखवावे. आणि हो, विवाहित बाईची पाळी लांबली तर आधी लघवीची तपासणी करावी. त्यासाठी लागणारी ‘निश्चय’ पट्टी आशाताईंकडे मिळते. पीसीओएस आहे म्हणून दिवस राहणारच नाहीत असे धरून बसलेल्या बाईला चौथ्या महिन्यात कळते, असेही घडते.

यातूनच आजच्या भाषणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट निघते. पीसीओएस म्हणजे वांझपण नव्हे. या व्याधीत बीज नसते असे नाही. ते भरपूर असते. ते वेळेवर बाहेर पडत नाही, एवढेच. वर्षात बारा वेळा मिळावयाची संधी कोणाला चार वेळा मिळते, कोणाला दोन वेळा. पुष्कळ जणींना औषधावाचूनही दिवस राहतात, फक्त उशीर लागतो. आणि ज्यांना राहत नाहीत त्यांच्यासाठी उपाय आहेत, व पहिले उपाय स्वस्तही आहेत.

आता डॉक्टरकडे केव्हा जावे? नवराबायको एकत्र राहत असून, मूल हवे म्हणून वर्षभर वाट पाहूनही दिवस राहिले नाहीत, तर जावे. वय पस्तिसावर असेल तर सहा महिन्यांनीच जावे. परंतु पाळी पस्तीस दिवसांपेक्षा लांबत असेल, किंवा वर्षात आठहून कमी वेळा येत असेल, तर वर्षभर थांबण्याचे कारणच नाही. दोन पाळ्यांमधली तारीख वहीत किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. सहा महिन्यांच्या तारखा लिहिलेला कागद डॉक्टरांपुढे ठेवला, तर निम्मे काम तेथेच होते.

मी ‘एकत्र राहत असून’ असे म्हटले, ते मुद्दाम. आपल्या भागातले कितीतरी तरुण कामधंद्यासाठी नागपूर, पुणे, हैदराबादकडे असतात. दिवाळीला चार दिवस, होळीला दोन दिवस, एखाद्या लग्नाला एक रात्र, एवढीच त्यांची भेट. आणि तीन वर्षांनी घरात विचारणा सुरू होते की सुनेला काय झाले? सुनेला काहीच झालेले नाही. हिशेबच चुकला आहे. बीज बाहेर पडल्यावर ते जेमतेम एक दिवस टिकते. ज्यांची पाळी अठ्ठावीस दिवसांची, त्यांना तो दिवस साधारण चौदावा असतो. पण पीसीओएसमध्ये पाळी चाळीस, पन्नास, साठ दिवसांची असल्याने तो दिवस आधी सांगता येत नाही. म्हणून दिवस मोजत बसण्यापेक्षा पतिपत्नींनी दोन-तीन दिवसांआड एकत्र यावे, हे उत्तम. त्यासाठी दोघे एका छपराखाली असावयास हवीत. सुनेला नवऱ्याकडे पाठवा, घरच्या कामाचे काय ते आपण पाहू, असे म्हणणारी सासू औषधाइतकीच गुणकारी.

दुसरी गोष्ट नवऱ्याच्या तपासणीची. मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळजवळ निम्म्या ठिकाणी पुरुषाच्या बाजूचाही काही दोष असतो. कधी तोच एकटा असतो, कधी दोघांचा मिळून असतो. पुरुषाची तपासणी साधी. वीर्याचा एक नमुना द्यावयाचा. सुई नाही, भूल नाही, दुखणे नाही. तरी बाईच्या चार सोनोग्राफ्या होतात, नळ्यांची तपासणी होते, आणि नवऱ्याचा नमुना मात्र शेवटपर्यंत दिला जात नाही. माझ्या पाहण्यातली एक हकीकत सांगते. नावगाव सांगत नाही. एका सुनेला सोनोग्राफीत पीसीओएस निघाला. पाच वर्षे तिने गोळ्या खाल्ल्या, तीन दवाखाने केले, माहेरच्यांनी एक एकर विकले. सहाव्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी ‘नवऱ्याचा रिपोर्ट आणल्याशिवाय मी औषध लिहिणार नाही’ असे निक्षून सांगितले. रिपोर्ट आला तेव्हा कळले की दोष दोघांतही होता, आणि तिचा त्यातल्या त्यात हलका होता. ती पाच वर्षे तिला कोणी परत दिली? म्हणून नियमच करा: पहिल्या भेटीला दोघांनी जावयाचे, आणि पहिली तपासणी दोघांची.

आता उपायांचा क्रम सांगते. क्रम महत्त्वाचा आहे, कारण तो उलटा धरला की पैसा जातो.

पहिली पायरी आपल्या घरातच आहे. वजन जास्त असेल तर ते थोडे जरी उतरले तरी फरक पडतो. सत्तर किलोच्या बाईने साडेतीन ते सात किलो कमी केले, एवढ्यानेही पुष्कळ जणींची पाळी रुळावर येते. उपाशी राहून मात्र नव्हे. आपण भंडाऱ्याकडची माणसे भातावर वाढलेली. भात सोडा म्हणणाऱ्याचे आपण ऐकणार नाही, आणि सोडण्याची गरजही नाही. पण ताट कसे वाढतो ते पाहा. भाताचा डोंगर आणि वर पळीभर पातळ वरण, असे आपले ताट असते. ते असे वाढावे की अर्धे ताट भाजीचे, पाव ताट डाळ, चणे, पोपटाच्या दाण्यांची उसळ, अंडे किंवा तलावातल्या मासळीचे, आणि उरलेले पाव ताट भाताचे. हातसडीचे तांदूळ मिळाले तर तेच घ्यावेत. दिवसातून चार वेळा साखरेचा चहा, त्यात बुडवून बिस्किटे, हे तेवढे सुटले तरी बराच लाभ होईल. आणि सर्वांच्या मागून, उरलेसुरले, भात-चटणी खाऊन उठणारी बाई घरात असेल तर ती चाल बंद करा. तिच्या ताटातही डाळ-भाजी पोचली पाहिजे.

‘आम्ही तर दिवसभर राबतो, आम्हाला कसला व्यायाम?’ असे तुम्ही म्हणाल. रोवणीचे आणि कापणीचे दिवस खरेच कंबर मोडणारे असतात. पण ते वर्षातले काही महिने. मळणी होऊन धान घरात आले की पुढे कितीएक आठवडे आपण बसून असतो, आणि ज्या सुना शेतावर जात नाहीत त्या वर्षभर. अंगाला काम रोजचे हवे. रोज अर्धा तास भरभर चालणे, दम लागेल पण बोलता येईल इतक्या वेगाने, हे पुरे आहे. मंडळाच्या दहा जणींनी मिळून तुमसरच्या रस्त्याने सकाळी फिरावयास जाण्याचे ठरवले, तर एकटीला वाटणारी लाजही जाईल. ज्या सडपातळ आहेत त्यांनी वजन उतरवावयाचे नाही. पण चौरस आहार आणि चालणे त्यांनाही लागू आहे.

दुसरी पायरी गर्भाची पूर्वतयारी. मूल हवे असे ठरले की दिवस राहण्याच्या आधीपासून फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करावी. बाळाच्या मेंदूत व कण्यात होणारे काही दोष त्याने टळतात. रक्त कमी असेल तर ते भरून काढावे. साखर, रक्तदाब, थायरॉइड पाहून घ्यावे. आणि आपल्या विदर्भात आणखी एक तपासणी अवश्य करावी, ती सिकलसेलची. नवराबायको दोघेही सिकलसेलचे वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मुलाला तो आजार होण्याचा संभव चारात एक असतो. २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. त्याची चाचणी सरकारी दवाखान्यात होते. मुलासाठी एवढी आस धरावयाची, तर ते निरोगी व्हावे याची काळजी आधी घेतलेली बरी.

तिसरी पायरी औषधाची. बीज तयार करून बाहेर पाडणाऱ्या गोळ्या पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत साधारण पाच दिवस देतात. पूर्वी क्लोमिफीन हीच मुख्य गोळी होती. आता लेट्रोझोलला पहिले स्थान आहे. अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवर दोन्हींची तुलना झाली, तिचा निकाल २०१४ साली प्रसिद्ध झाला. पाचपर्यंत पाळ्यांमध्ये औषध दिले असता लेट्रोझोल घेतलेल्या १०० पैकी सुमारे २७ ते २८ जणींना, आणि क्लोमिफीन घेतलेल्या १०० पैकी सुमारे १९ जणींना जिवंत मूल झाले. हे आकडे मी मुद्दाम सांगते. पहिल्याच महिन्यात गोळी ‘लागू’ पडली नाही म्हणून दवाखाना बदलणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवावेत. चार-सहा महिने धीर धरावा लागतो.

लेट्रोझोलविषयी घरात एक घोटाळा हमखास होतो. शिकलेला दीर किंवा भाचा मोबाइलवर नाव पाहतो आणि सांगतो, ‘ही तर कर्करोगाची गोळी आहे!’ खरे आहे. स्तनाच्या कर्करोगात ती वापरतात. पण येथे ती थोड्या दिवसांसाठी, बीज तयार व्हावे म्हणून देतात. आपल्या देशात २०११ साली या कामासाठी तिच्यावर बंदी घातली होती, ती २०१७ साली उठली. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही तिलाच पहिली पसंती आहे. तेव्हा भिऊन गोळी फेकू नका. मात्र शेजारणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून परस्पर आणूही नका. पोटात गर्भ असताना ती घेणे योग्य नाही, म्हणून आधी तपासणी लागते. मेटफॉर्मिन ही दुसरी गोळी मधुमेहाची म्हणून प्रसिद्ध आहे. इन्सुलिनचा दोष कमी व्हावा म्हणून ती काहींना देतात. ‘मला मधुमेह नाही, मग ही का दिली?’ असे विचारणाऱ्यांना हे उत्तर.

या पायऱ्यांनी न भागले तर पुढे इंजेक्शने आहेत, दुर्बिणीतून करावयाची शस्त्रक्रिया आहे, आणि शेवटी टेस्ट ट्यूब बेबी आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नाने ६ ऑगस्ट १९८६ रोजी असे बाळ जन्मले, त्याला आता बरीच वर्षे झाली. हा उपाय खरा आहे, पण खर्चाचा आहे, एकदा करून यश येईलच असे नाही, आणि पीसीओएस असलेल्या बहुतेकींना तो पहिल्यांदा लागतच नाही. रस्त्यावरची मोठी पाटी पाहून थेट शेवटच्या पायरीवर उडी घेऊ नका. २०२१ च्या कायद्याप्रमाणे अशा केंद्रांची नोंदणी झालेली असावी लागते. ती विचारून घ्या. सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात करा. तेथून तुमसरचे उपजिल्हा रुग्णालय, भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय, आणि गरज पडली तर नागपूरला डागा, मेयो किंवा मेडिकल, अशी आपली सरकारी वाट आहे. सगळे जुने कागद एका पिशवीत घालून न्यावेत, म्हणजे त्याच तपासण्या पुन्हा पुन्हा होत नाहीत.

देवधर्माबद्दल कोणी विचारील. नवस करावयाचा तर करा, मनाला आधार वाटतो. पण नवसाच्या नावाखाली वर्ष घालवू नका, आणि ‘शंभर टक्के मुलगाच’ म्हणून पुडी देणाऱ्याला दाराशी उभे करू नका. बाईचे वय थांबत नाही. आणि दिवस राहिल्यावरही पीसीओएसच्या बाईने पहिल्या तपासणीतच डॉक्टरांना तसे सांगावे. अशा गर्भारपणात साखर आणि रक्तदाब वाढण्याचा संभव जास्त असतो; साखर सुरुवातीला एकदा आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास पुन्हा पाहावी लागते. बाळंत झाल्यावरही मधुमेहाची तपासणी काही वर्षांनी करीत राहावे, कारण हा विकार पाळण्याबरोबर संपत नाही.

भगिनींनो, औषधाची वाट मी सांगितली. पण मला खरे बोलावयाचे आहे ते आपल्या जिभेविषयी. पीसीओएसमध्ये मनही खचते. झोप जाते, रडू येते, चारचौघींत जावेसे वाटत नाही. आणि नेमक्या त्याच वेळी आपण विचारतो, ‘मग, गोड बातमी केव्हा?’ विचारणारीला ते कौतुक वाटते. ऐकणारीला ते त्या दिवशी चौथ्यांदा ऐकावे लागलेले असते. डोहाळजेवणाला तिला बोलावले जात नाही. बोलावले तर ओटी भरताना तिचा हात मागे केला जातो. हे कोण करते? पुरुष करीत नाहीत. ओटीचे ताट आपल्याच हाती असते.

आणि घरोघरी एक वाक्य तयार असते, ‘नाही तर पोराचे दुसरे करू.’ हे ऐका. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे पहिली बायको असताना दुसरे लग्न हा गुन्हा आहे. आणि मूल होत नाही एवढ्यावरून घटस्फोट मागता येईल असे त्या कायद्यात कोठेही नाही. पण कायद्याची भीती घालण्यापेक्षा मी तुम्हाला आपल्याच महाराष्ट्रातले एक घर दाखवते. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांना मूल नव्हते. दुसऱ्या लग्नाचा आग्रह झाला तरी जोतीरावांनी तो मानला नाही, असे चरित्रकार सांगतात. त्यांनी काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा दत्तक घेतला, त्याचे नाव यशवंत. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याच्याच दवाखान्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाईंना प्लेग झाला व त्या गेल्या. जिने शेकडो मुलींना शिकवले तिची कूस रिकामी होती, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय?

सगळे उपाय करूनही काहींना मूल होणार नाही. हे मी लपवीत नाही. त्यांच्यासाठी दत्तकाचा कायदेशीर मार्ग आहे. पण तोही त्यांच्यावर लादावयाचा नाही. मूल असो वा नसो, घरातली तिची जागा तीच राहिली पाहिजे.

म्हणून मंडळाला माझी तीन मागणी आहेत. पहिली, यापुढे मंडळाच्या कोणत्याही हळदीकुंकवात वा डोहाळजेवणात मूल नसलेल्या भगिनीला ओटी भरण्याचा मान इतरांच्या बरोबरीने द्यावा. दुसरी, मंडळाच्या वतीने वर्षातून एकदा आरोग्य केंद्रातील डॉक्टरीणबाईंना बोलावून मुलींशी आणि सुनांशी मोकळे बोलणे घडवावे, आणि एक दिवस नवऱ्यांसाठीही ठेवावा. तिसरी, दवाखान्यात जावयाचे पण सोबत नाही अशी एखादी बाई असेल, तर तिच्याबरोबर मंडळाच्या एकीने तुमसरपर्यंत जावे. यात पैसा फारसा लागत नाही. लागतो तो एक दिवस, आणि तोंड मिटून ठेवण्याची सवय.